गीत : पारंपरिक

मी छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात हिंदी अनुवादक होते. त्याच काळात मी गाणी लिहिली, लहानमोठी धरून दोनशेच्या वर. लग्नाची, शाळांची, रेडिओवरच्या जाहिरातींची, मोहल्ल्यातल्या रामलीलेची, एकदा तर गॅसच्या शेगड्या विकणाऱ्या दुकानाचंही. मुंबईला न जाता, दिल्लीत बसून जेवढं गीतकार होता येतं तेवढी मी झाले.

पुण्याचे नातेवाईक विचारायचे, तू मराठी असून हिंदीत कशी लिहितेस? मला तो प्रश्नच कळायचा नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, हे आमच्याकडे चपला घालण्या-काढण्याइतकं अंगवळणी पडलेलं होतं. मराठीत मला भाज्यांची नावं येत, नाती येत आणि भांडता येई. त्यापलीकडचं सगळं मी शाळेत शिकले, आणि शाळा हिंदीतली होती.

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे सिमेंटचं छोटंसं अंगण, अंगणात कपड्यांची तार आणि आईची कढीपत्त्याची कुंडी. आईबाबांचा सगळा संसार त्या जागेत झाला. मी तिथेच जन्मले, तिथूनच शाळेत गेले आणि तिथूनच नोकरीला लागले.

गाण्यांची सुरुवात शाळेत झाली, तीही शिक्षेतून. नववीत होते. वार्षिकोत्सवाला पाहुण्यांसाठी स्वागतगीत बसवायचं होतं. चाल संगीताच्या मास्टरजींची होती आणि शब्द हिंदीच्या बाईंचे. शब्द इतके जडजड होते की मुलींना उच्चारता येईनात. मागच्या रांगेत उभी राहून मी त्याच चालीवर डब्यातल्या परांठ्याचं गाणं म्हणत होते आणि शेजारच्या दोघी हसत होत्या. मास्टरजींनी पेटी थांबवली.

"तू. पीछेवाली. आगे आ. जो गा रही थी, ज़रा ज़ोर से गा."

मला वाटलं, आता घरी चिठ्ठी जाणार. मी मान खाली घालून परांठ्याच्या चार ओळी म्हटल्या. वर्ग हसला. मास्टरजी हसले नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "एक भी मात्रा फालतू नहीं है. कल तक इसमें से परांठा निकालकर मेहमान डाल ला."

मी घातले. ते माझं पहिलं गाणं. पुढे मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तरी मास्टरजी अधूनमधून निरोप पाठवायचे. शाळेच्या नोकरीशिवाय त्यांनी करोल बागेत एका मित्राबरोबर रेकॉर्डिंगची खोली काढली होती. खाली मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की दुकानदार हॉर्न वाजवून दाखवायचा आणि वर चाललेलं रेकॉर्डिंग वाया जायचं. म्हणून रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, करोल बागेचा बाजार बंद असतो त्या दिवशी. परिणाम असा झाला की माझ्या सगळ्या किरकोळ रजा सोमवारी पडायच्या. आमच्या सेक्शनच्या साहेबांनी एकदा विचारलंही, "मॅडम, आपकी तबीयत मंडे को ही क्यों ख़राब होती है?"

मास्टरजींकडून मी काम शिकले. ते आधी चाल देत, तीही काहीबाही शब्द घालून, म्हणजे मला लांबी कळावी. मी त्या मापाचे शब्द बसवायचे. लांबवायच्या सुरावर आकारान्त शब्द हवा, कारण तोंड उघडं राहिलं तर आवाज लांब जातो. श्वास घ्यायला जागा ठेवायची. आणि गाणारी बाई पहिल्या वाचनात जिथे अडखळेल, तो शब्द कितीही आवडता असला तरी काढायचा. मी मंत्रालयात दिवसभर 'उपर्युक्त विषय के संदर्भ में' लिहायची, त्यामुळे सोमवारी साधं लिहिताना मला फार बरं वाटायचं.

मी पंचवीस वर्षांची असताना बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायला काही महिने मिळतात. बाबांनी पूर्ण मुदत वापरली नाही. त्यांनी यमुनेपलीकडे सोसायटीत फ्लॅट घेऊन ठेवला होता, सामान आधीच हलवलं होतं. राहिला होता फक्त ताबा देण्याचा दिवस. क्वार्टर्सची देखभाल बघणाऱ्या ऑफिसातला माणूस सकाळी दहाला रजिस्टर घेऊन येणार होता. पंखे दोन, नळ चार, खिडक्यांच्या काचा, मोरीचं झाकण, सगळं यादीप्रमाणे आहे ना ते बघायला.

आम्ही नऊलाच पोचलो. रिकाम्या घरात बाबा चाव्या मोजत बसले. एकूण सात होत्या, मीटरच्या पेटीची धरून. मी आईला शोधायला मागे गेले, तर ती पदर खोचून अंगण धूत होती. बादली शेजाऱ्यांकडून आणली होती.

"आई, अगं, आता कशाला? ते आल्यावर सगळं रंगवणारच आहेत."

"रंगवू देत. आपण देताना धुतलेलं द्यावं."

"आपलं थोडंच आहे?"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि खराट्याने पाणी नाल्याकडे लोटत राहिली.

तो माणूस आला, ओल्या अंगणातून बुटांनी फिरला, नळ उघडून बघितले, सही घेतली. दहा मिनिटांत झालं. बाबांनी चाव्या मोजून त्याच्या हातात दिल्या. त्याने न मोजता खिशात टाकल्या. बाबा म्हणाले, "गिन लीजिए." तो म्हणाला, "आपने गिने हैं, साहब." बाबांना ते आवडलं की नाही, मला कळलं नाही.

मी तिथून थेट ऑफिसला गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एका मसुद्याच्या पाठकोऱ्या कागदावर मी दोन ओळी लिहिल्या:

धो के आँगन सौंप चली मैं, चाबी गिन के सौंप चली,
जिस घर में मेहमान थी मैं, वो घर आज मैं सौंप चली.

त्या कुणाला दाखवायच्या नव्हत्या. कागद पर्समध्ये राहिला.

पुढच्या सोमवारी करोल बागेत मास्टरजी अडकून बसले होते. एका कॅसेट कंपनीने लग्नाच्या आठ गाण्यांची कॅसेट मागितली होती. दुसऱ्या गीतकारांची सात झाली होती, मुलीच्या पाठवणीचं, बिदाईचं गाणं राहिलं होतं. चाल त्यांच्या मनात तीन आठवडे तयार होती आणि मी दिलेले तीन मुखडे, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, त्यांनी परत केले होते. मी पर्समधून पेन काढायला गेले तेव्हा तो कागद बाहेर आला. त्यांनी उचलून वाचला, पेटीवर सूर धरला आणि एकदाही न अडखळता ओळी त्या चालीवर म्हटल्या.

"ये क्या है?"

मी सांगितलं. क्वार्टर, अंगण, चाव्या.

त्यांनी कागद पेटीवर टेकवला. मग म्हणाले, "चाबी हटा दे."

"का... क्यों?"

"लड़की मायके से चाबी देकर नहीं जाती, बेटा. उसके पास चाबी होती ही कब है?"

मला राग आला. चाव्या बाबांच्या होत्या, त्या मला काढायच्या नव्हत्या. पण ते म्हणत होते ते खरं होतं, हेही लगेच कळलं. चाव्यांच्या जागी मी 'गुड़ियाँ' घातलं. 'आज मैं' काढून 'बाबुल' घातलं. 'जिस घर में' होतं तसंच राहिलं. बस, एवढाच बदल. अंतरे, म्हणजे पुढची दोन कडवी, दोन तासांत झाली. त्याच दुपारी लग्नांत गाणाऱ्या एका बाईंनी ते दोन टेकमध्ये गायलं. दुसऱ्या टेकच्या शेवटी मास्टरजी चष्मा पुसत होते आणि मी खिडकीतून बंद दुकानांच्या शटरांकडे बघत होते. आईचं अंगण मी विकून आले, असं मला घरी जाताना बसमध्ये वाटलं. आईला मी तेव्हा सांगितलं नाही.

आता नावाची गोष्ट. बाबांना कळलं की माझं नाव कॅसेटवर छापून येणार. आधीची कामं शाळांची आणि मंडळांची होती, तिथे नाव कुठे नव्हतं.

"परवानगी काढलीस का?" त्यांनी विचारलं.

"गाणं लिहायला कसली परवानगी?"

"सरकारी नोकर आहेस तू. बाहेरचं काम आहे. उद्या कुणी तक्रार केली तर? अर्ज दे, उत्तर येईपर्यंत नाव टाकू नकोस."

ते घाबरट नव्हते. नियम ही त्यांच्या दृष्टीने अंगावरच्या कपड्यांसारखी गोष्ट होती. मी अर्ज दिला. विषय : विवाहगीत लेखनासाठी अनुमती. पंधरा दिवसांनी विचारणा आली, गीताची प्रत जोडावी. जोडली. महिन्याने विचारणा आली, सदर गीत साहित्यिक स्वरूपाचे आहे की व्यावसायिक? मी उत्तर दिलं, ते मुलीच्या पाठवणीच्या स्वरूपाचे आहे. आमच्या साहेबांनी ते खोडायला लावलं.

तिकडे कंपनीला लग्नाच्या सीझनच्या आधी कॅसेट हवी होती. मी मास्टरजींना सांगितलं, परवानगी येईपर्यंत माझं नाव टाकू नका. ते म्हणाले, "ठीक है." नोव्हेंबरात कॅसेट आली. आतल्या कागदावर चौथ्या गाण्याखाली छापलं होतं, 'गीत : पारंपरिक, संगीत : पारंपरिक'.

मी करोल बागेत गेले. "ये किसने किया?"

"छप गया, बेटा," मास्टरजी पेटीचा भाता साफ करत म्हणाले. "कंपनीवाले हैं. अगली बार ठीक करवा देंगे."

परवानगी फेब्रुवारीत आली. हरकत नाही, एका ओळीत. बाबांनी ती फाइलला लावली. तोवर गाणं हाताबाहेर गेलं होतं. बँडवाल्यांनी उचललं होतं. सरोजिनी मार्केटमध्ये कॅसेटच्या गाडीवर बायका 'वो सौंप चली वाली' म्हणून मागायच्या आणि मी शेजारच्या गाडीवर कुर्ते उलटेपालटे करत ऐकायची. दुसऱ्या कंपन्यांनी दुसऱ्या गायिकांकडून गाऊन घेतलं. पारंपरिक म्हटल्यावर कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. मी दर काही महिन्यांनी मास्टरजींना आठवण करायची, ते दर वेळी म्हणायचे, "बात करता हूँ."

दोन वर्षांनी माझं लग्न झालं, करोल बागेतल्याच एका हॉलमध्ये, मराठी पद्धतीने. बँड मात्र दिल्लीचा. मी गाडीकडे निघाले आणि त्यांनी तेच वाजवायला घेतलं, त्यांचा गाणारा माइकवर शब्द म्हणत होता. माझ्या मावश्या रडल्या, सासूबाई रडल्या, नवरासुद्धा गंभीर झाला. मी रडले नाही, कारण क्लॅरिनेटवाला दुसऱ्या अंतऱ्याची चाल चुकत होता आणि माझं लक्ष तिकडे होतं. सासूबाई आईला म्हणाल्या, "किती जुनं गाणं आहे, नाही? आमच्या वेळचं." तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "हिचं आहे ते. हिने लिहिलंय." पण तेवढ्यात ट्रम्पेट सुरू झाला आणि सासूबाईंनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात?" बाबांनी परत सांगितलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. तिने 'आँगन' शब्द ऐकला होता, एवढं मला कळलं. "धुतलेलं होतं म्हणून बरं," ती माझ्या कानाशी म्हणाली आणि मग मात्र मला रडू आलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं लिहीत राहिले, आणि बाकीच्या गाण्यांवर माझं नाव आलं. नोएडात राहायला गेलो. मुलगी झाली. एक शाळेचं गाणं बऱ्यापैकी चाललं, रेडिओवरची एक आरोग्याची जाहिरात तर वर्षभर वाजत होती. लोक मला त्यासाठी ओळखत, म्हणजे जे ओळखत ते. पण त्या एका गाण्याच्या जवळपासही काही पोचलं नाही, आणि ते माझं आहे हे सांगायला गेलं की माणसं हसून विषय बदलायची. एका लग्नात शेजारी बसलेल्या वयस्क बाईंना मी धीर करून सांगितलं. त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, "बेटी, ये तो मेरी दादी गाती थीं." त्यांना खोटं बोलायचं कारण नव्हतं. त्यांना खरंच तसं आठवत होतं. मी रसमलाई खाल्ली.

मुलगी पाचवीत असताना शाळेत लोकगीतांची स्पर्धा होती. ती वही घेऊन आली. वर्गातल्या मुलींनी निवडलेलं गाणं बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. धो के आँगन सौंप चली.

"आई, याचा अर्थ सांग ना. मॅमनी अर्थ लिहून आणायला सांगितलाय."

मी अर्थ सांगितला. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी पेन्सिलीने 'गुड़ियाँ' खोडून 'चाबी' लिहिलं. म्हटलं, खरं हे आहे, असंच म्हण. तिने वर्गात तसंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डायरीत बाईंचा शेरा होता, लाल शाईत : 'अभिभावक कृपया लोकगीत के मूल शब्दों में परिवर्तन न करें.' पालकांची सही हवी होती. मी सही केली.

नवऱ्याला हसू आवरेना. मीही हसले, पण त्या दिवसापासून मी मास्टरजींना फोन करणं सोडलं. त्या सहीने मला जेवढा त्रास झाला तेवढा 'पारंपरिक' छापून आल्यावरही झाला नव्हता. मला वाटायचं, यांनी मनावर घेतलं असतं तर पहिल्या वर्षीच दुरुस्ती झाली असती. कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, ती कंपनीही बंद झाली. करोल बागेची खोली विकली गेली आणि मास्टरजी हिंदूराव भागात मुलाकडे राहायला गेले, हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं. बाबा गेले तेव्हा मास्टरजींचं पत्र आलं. मी उत्तर पाठवलं, दोन ओळींचं. भेटायला गेले नाही. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी गाझियाबादची एक मुलगी माझ्याकडे आली. वय सव्वीस-सत्तावीस. ती जुनी लग्नाची गाणी फोनवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायची आणि तिला ऐकणारे पुष्कळ होते. सोफ्याच्या कडेला बसून तिने पाण्याचा अख्खा ग्लास संपवला आणि म्हणाली, "आंटी, सौंप चली आपका है?"

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मी उलट विचारलं, "किसने कहा?"

ती जुन्या चाली गोळा करत मास्टरजींपर्यंत पोचली होती. तिने त्यांना हे पारंपरिक गाणं म्हणून गाऊन दाखवलं. त्यांनी तिला मध्येच थांबवलं, माझं नाव सांगितलं, मुलाकडून माझा नंबर शोधायला लावला आणि बजावलं की माझी परवानगी आणि माझं नाव, दोन्ही असल्याशिवाय गायचं नाही.

"और बोले," ती जरा चाचरली, "कि पारंपरिक उन्होंने ही लिखवाया था. कंपनी ने नहीं. आपको बता दूँ, ऐसा बोले. ख़ुद नहीं बता पा रहे."

मी चहा करायला आत गेले. दूध उतू गेलं.

दोन दिवसांनी मी गेले. नोएडाहून दोनदा मेट्रो बदलून पुल बंगशला उतरायचं, तिथून ई-रिक्शा. हिंदूरावच्या मोठ्या हॉस्पिटलच्या पलीकडे, चढावरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ते राहत होते. सत्त्याऐंशी वर्षांचे झाले होते. डावा कान गेला होता. पेटी पलंगाजवळ स्टुलावर होती, वर स्वच्छ पंचा.

"आ गई," ते म्हणाले. "बैठ. दाएँ तरफ़ बैठ, इधर से सुनता हूँ."

सूनबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडून एवढंच निघालं, "क्यों, मास्टरजी?"

त्यांनी सांगितलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला होता, कव्हर छापायला जातंय, नावं लगेच सांगा. बाकी सात गाण्यांची नावं त्यांनी दिली. चौथ्याशी अडले. माझं नाव द्यायचं नाही, हे मीच सांगितलेलं. कंपनीचा माणूस म्हणाला, मग गीत आणि संगीत दोन्ही तुमच्याच नावावर टाकतो, जागा मोकळी राहता कामा नये.

"मैंने सोचा, अपना डालूँ और तेरा नहीं, तो दुनिया शब्द भी मेरे समझेगी. ये मुझसे नहीं हुआ. मैंने कह दिया, दोनों जगह पारंपरिक लिख दो. सोचा, अगली छपाई में दोनों के नाम आ जाएँगे."

"मग का नाही आली?" मी मराठीतच विचारून बसले. त्यांना कळलं.

"गया था मैं. तीन बार गया. उन्होंने कहा, पारंपरिक चल रहा है, अब छेड़ो मत. फिर तू पूछती थी तो मैं कंपनी का नाम लेता था. डरता था तुझसे." त्यांनी पेटीवरचा पंचा सारखा केला. "घरवाली ने महीना भर बात नहीं की मुझसे. बोली, उम्र भर में एक धुन ढंग की बनाई और वो भी दान कर दी."

तोपर्यंत, खरं सांगते, चालीचा विचार मी कधी केलाच नव्हता. 'गीत : पारंपरिक' ही ओळ मी हजारदा मनात वाचली असेल. तिच्या शेजारीच 'संगीत : पारंपरिक' होतं, ते माझ्या नजरेला आलंच नाही. माझी आणखी दोनशे गाणी होती. त्यांच्याकडे ती एकच चाल होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. न विचारता सोडली, खोटं बोलून लपवली, हेही खरंच. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मैं पंद्रह साल नहीं आई."

"सोलह," ते म्हणाले. "चल, छोड़. वो लड़की बहुत तेज़ गाती है. उसे बता, बिदाई है, बस नहीं पकड़नी."

त्या मुलीने ते त्यांच्याच खोलीत रेकॉर्ड केलं, सकाळी, खिडक्या बंद करून. मास्टरजींनी पेटी धरली. लय त्यांनी चार वेळा खाली आणली. शब्द कोणते घ्यायचे, तिने मला विचारलं. चाव्यांची गोष्ट तिला सांगून झाली होती. मी म्हटलं, गुड़ियाँच राहू दे, लोकांना तेच पाठ आहे. गाण्याखाली तिने दोन्ही नावं लिहिली, आधी माझं, मग त्यांचं. मास्टरजींच्या मुलाने ते मोठ्या अक्षरांत करून त्यांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला आणि मुलाला सांगितलं, "प्रिंट निकाल."

आठवड्याभरात गाणं पुष्कळांनी ऐकलं आणि खाली शेरे यायला लागले. आवाजाची तारीफ होती. पण बऱ्याच जणांनी हेही लिहिलं होतं की हे आमच्या नानीचं गाणं आहे, हे आमच्या गावचं आहे, लोकगीतावर स्वतःचं नाव टाकायला यांना लाज कशी वाटत नाही. मुलगी घाबरली. तिने मला फोन केला, आंटी, काय उत्तर देऊ? माझ्याकडे परवानगीच्या अर्जाची प्रत होती, तिला गीत जोडलेलं होतं, ऑफिसचा शिक्का होता. त्याचा फोटो टाकता आला असता. मी मास्टरजींना विचारलं. त्यांच्या उजव्या कानाशी बसून मी एकेक शेरा वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्येच खूश होऊन विचारत होते, "ये किस गाँव का है? ये कहाँ से?" बहराइच, हिसार, एक तर थेट कॅनडा.

"लिख दे," ते शेवटी म्हणाले, "आपकी नानी का गला बहुत अच्छा रहा होगा."

तिने तेवढंच लिहिलं, सगळ्यांना. अर्ज फाइलमध्येच राहिला. एका बाईने उत्तर दिलं, हो, फार छान होता, आणि नानीची एक आठवण लिहिली. बाकीचे भांडतच राहिले. नावं खाली आहेत, ती तशीच आहेत.

आता मी मंगळवारी हिंदूरावला जाते. माझी मुलगी हैदराबादला असते, नवऱ्याला सकाळी त्याच्या मित्रांचा योगा असतो, मला वेळ असतो. मास्टरजींनी एक नवी चाल बांधली आहे. गाझियाबादची मुलगी ती गाणार आहे. लग्नाचं नको, असं तिने आधीच सांगितलं, तेव्हा आम्ही म्हाताऱ्या माणसाच्या मेट्रोतल्या पहिल्या प्रवासाचं करतोय. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी एक आकारान्त शब्द हवा आहे, तीन अक्षरांचा. मी गेल्या मंगळवारी सहा नेले होते, त्यांनी सहाही परत केले.